पाचटाखालचा कुकर

आई, मी राहते त्या बिल्डिंगच्या मागे आम्ही सगळ्यांनी मिळून भाजी लावली आहे. सांगलीत, ओढ्याच्या कडेला. कंपाउंडची भिंत आणि पार्किंगचे पत्रे यांच्यामध्ये एक लांबट पट्टी मोकळी पडली होती. पुराच्या वर्षी ओढ्याचं पाणी तिथूनच आत आलं होतं, म्हणून तिथे कुणी काही बांधलं नाही, आणि राहायला आलेल्यांनी फुटक्या फरशा, मोडक्या खुर्च्या टाकायला ती जागा वापरली. ती साफ करून वाफे काढूया, हे मी सुचवलं. मीच. तू ऐकलं असतंस तर हातातलं खुरपं तसंच धरून माझ्याकडे बघितलं असतंस आणि म्हणाली असतीस, "मातीतनं भायेर पडावीस म्हणून शाळंत घातली, आन् तू परत मातीत?" लेकीला मेथी कशी उगवते ते दाखवायचं आहे, असं मी सगळ्यांना सांगितलं. पण खरं म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीतून ती पट्टी रोज दिसायची, आणि मोकळी जमीन दिसली की तिथे सरी कशी निघेल, पाणी कुठून कुठे जाईल, हे माझ्या डोक्यात आपोआप सुरू व्हायचं. आपल्या घरात शाळेचं तोंड बघितलेली मी पहिली, पण हे मला शाळेत कुणी शिकवलेलं नाही.

तळमजल्यावर एक काका राहतात, फौजेतून निवृत्त झालेले, आपल्याच कोरेगाव भागातले. त्यांना सगळे फौजी काका म्हणतात. वाफे त्यांनी दोरी लावून असे सरळ काढले की जणू तिथे परेड व्हायची आहे. त्यांच्या समोरच्या घरात भाभी राहतात. त्यांचं हळदीचं दुकान आहे आणि माहेर जत तालुक्यातलं, टँकरच्या पाण्याचं. भांडी विसळलेलं पाणी बादलीत साठवून त्या वांग्यांना घालतात, आणि मी पाण्याची नळी जरा जास्त वेळ चालू ठेवली की दारातून ओरडतात, "अगं ताई, बंद कर की! एवढ्या पाण्यात आमच्या माहेरी लग्न उरकतंय!" माझ्या हातात नेहमी ती नळीच असायची. बाकीचे लोक हाताने माती भुसभुशीत करायचे, गवत उपटायचे, पानं वर करून वांगी शोधायचे. मी लांबून पाणी घालायचे आणि कुठे काय लावायचं ते सांगायचे. लोकांना वाटायचं, शेतातली पोर आहे, हिला कळतं, म्हणून ही सांगते. माझा हात पानाखाली जात नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

मला तुझ्याबरोबरची भांगलण आठवते. शाळेला सुट्टी असली की तू मला रानात घेऊन जायचीस. बायकांची टोळी सरीत गवत खुरपत बसलेली असायची, तोंडं चालू आणि खुरपीही चालू. तुझी एक सवय होती. गवताचा दाट झुबका असो, दगडांचा ढीग असो की उसाचं वाळलेलं पाचट, हात घालण्याआधी तू खुरप्याच्या मुठीने जमीन बडवायचीस आणि मोठ्याने म्हणायचीस, "सरा बाबा, आमी आलो." मग थांबायचीस. मगच हात. तुझ्या शेजारच्या सरीतली तुझी मैत्रीण दर वेळी हसायची. "आगं, त्ये काय पावणं हाय व्हय, सरा-बिरा म्हणायला?" आणि तू मान वर न करता म्हणायचीस, "पावणं आपुन हाय. घर त्याचं. दार वाजवून जावं." सापाला तू कधी साप म्हणाली नाहीस. लांबडं म्हणायचीस, तेही हळू आवाजात. एकदा माझा चेंडू पाचटाच्या ढिगात गेला आणि मी सरळ हात घातला, तेव्हा तू धावत येऊन मला अशी चापट मारलीस की कानात घूं झालं. रडताना मी म्हणाले, "काय न्हवतं की तिथं!" तू म्हणालीस, "न्हवतं म्हणून तर मारली. असतं तर कुणाला मारली असती?" त्या दिवाळीला बरोबरीच्या पोरींना बांगड्या मिळाल्या आणि मला तू बाजारातून बॅटरी आणून दिलीस, अंधारात परसात जायला. मी खूप रुसले होते. आता मी पार्किंगमधून वर येतानासुद्धा पर्समधली बॅटरी काढून पायाखाली धरते. दिवे चालू असतात तरी. माझा नवरा हसतो.

तुझ्या त्या दिवसाचं मी कधी कुणाशी नीट बोललेले नाही. घरच्यांना एवढंच माहीत आहे की माझी आई मी नववीत असताना गेली. ऊस तुटून गेला होता आणि तुम्ही खोडव्याच्या रानात पाचट ओढून एकाआड एक सरीत लावत होता. मी शाळेत होते. घोणस चावल्यावर तुला आधी देवळात नेलं, मग जीप मिळेपर्यंत ऊन कलून गेलं. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तुझ्या हिरड्यांतून रक्त येत होतं, आणि मला दिसू नये म्हणून तू ते पदराने टिपत होतीस. तू विचारलंस, "दप्तर कुठं ठिवलंस?" मी म्हणाले, बाहेर. तू म्हणालीस, "आत आण. कुणीतरी उचलंल." मी दप्तर आणायला बाहेर गेले. पुढे तुझ्याशी बोलणं झालं नाही. नंतर बायका येऊन बसल्या, तेव्हा तुझी ती हसणारी मैत्रीण मला कुशीत घेऊन पुन्हा पुन्हा सांगत होती, "वाजवलं हुतं गं तिनं. म्या ह्या कानांनी ऐकलं. सरा म्हणाली, थांबली, आन् मगच हात घातला." ती मला धीर द्यायला सांगत होती. तुझ्याकडून काही चूक झाली नाही, असं तिला म्हणायचं होतं. पण तू गडबडीत असतीस, तुझं लक्ष नसतं, तर मी आयुष्यभर लक्ष देऊन सुटले असते. तू सगळं नीट केलं होतंस. मग माणसाने काय करायचं?

मी करते ते एवढंच की प्रत्येक गोष्ट दोनदा बघते. गॅस, कडी, लेकीच्या बुटांची आतली बाजू. दवाखान्यात मी रक्त तपासायचं काम करते, तिथे नळीवरचं नाव मी इतक्या वेळा वाचते की बरोबरच्या मुली म्हणतात, "मॅडम, पाठ झालं असेल आता." आणि अशी मी, आई, त्या बागेत स्वतःच्या तोंडाने पाचट घेऊन आले.

झालं असं की चैत्रात माती फुटायला लागली. बोअरचं पाणी कमी झालं, आणि भाजीला पाणी घालायचं की नाही यावर पार्किंगमध्ये सगळे जमले. बाग बंद करूया, असं दोघं-तिघं म्हणाले. कुणी तरी म्हणालं, नर्सरीतून नारळाचा भुसा आणून पसरू, ओल टिकते. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "भुसा कशाला? इथे सगळीकडे पाचट जाळतायत. ते आणा, आणि मातीवर अंथरा." तू रानावर पाचट अंथरलंस की म्हणायचीस, आता रानानं डोक्यावर पदर घेतला. तेच डोक्यात होतं. दुसरं जे डोक्यात असायला हवं होतं ते त्या क्षणी नव्हतं. आपल्या भागातल्या माणसाला ओल टिकवायची म्हटलं की दुसरं काही सुचतच नाही. "बघा, कळतं की नाही पोरीला!" असं म्हणून काकांनी ओळखीच्या रानातून ट्रॉलीभर पाचट आणवलं. ट्रॉली भिंतीपाशी रिकामी झाली तेव्हा तो कोरडा, गोडसर वास वर गॅलरीपर्यंत आला आणि ते दुसरं मला तेव्हा आठवलं. पण तोवर सगळे पाचट पसरायला लागले होते, पोरं त्यात उड्या मारत होती, आणि मी नळी धरून लांब उभी होते. उरलेला ढीग भिंतीला लागून, ओढ्याच्या बाजूला तसाच राहिला. आठवड्याभरात तिथे उंदीर दिसायला लागले. पाठोपाठ काय येतं ते मला माहीत होतं. मी ढीग हलवायला सांगितलं, काका म्हणाले, रविवारी बघू. मग पुन्हा, पुढच्या रविवारी बघू. आणि मी जास्त ताणलं नाही, कारण ताणलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं.

मग एका संध्याकाळी मी भात लावला होता. लेक खालून खेळून आली, पाणी प्यायली आणि सहज म्हणाली, "आई, आपल्या वांग्यात पण कुकर आहे." मी विचारलं, काय आहे? "पाचटाखाली कुकर वाजतो. शिट्टीच्या आधी वाजतो ना, तसा. मी जवळ गेले की वाजतो, मागं आले की बंद." ती हे हसत सांगत होती. तिला तो खेळ वाटला होता. त्याच वेळी आमच्या कुकरला वाफ धरली आणि शिट्टीच्या आधीचा तो लांब आवाज सुरू झाला. "अस्साच!" ती म्हणाली. आई, तुझ्याकडे कुकर नव्हता. चुलीवर भात शिजायचा. पण घोणस कशी फुत्कारते ते तू मला ओठ दाबून, श्वास सोडून दाखवलं होतंस, आणि लग्नानंतर पहिल्यांदा कुकर लावला तेव्हापासून मी त्या आवाजाला ओट्यापाशी उभी राहू शकत नाही. मी गॅस बंद केला. लेकीचे पाय, घोटे, बोटांच्या फटी, सगळं दिव्याखाली बघितलं. ती गुदगुल्या होतात म्हणून हसत होती. मी दोन्ही पाय पुन्हा एकदा बघितले, आणि तिला काही कळू नये म्हणून मीही हसले.

लगेच खाली जाऊन मी प्रत्येक दार वाजवलं. बागेत पोरांना सोडू नका, मोठ्यांनीही जाऊ नका, घोणस आहे, उद्या साप धरणाऱ्याला बोलावते. पट्टीच्या तोंडाला दोरी बांधली. भाभींचा लगेच विश्वास बसला. "मी ऐकलाय तो आवाज, माहेरी, कडब्यात. चेष्टा नाही ती." काकांना मात्र लेकीची गोष्ट ऐकून हसू आवरेना. "कुकर? मंग भात शिजला आसंल बघ एव्हाना! आगं पोरी, बेडूक आसंल. बॉर्डरवर साप उशाला घिऊन झोपलोय आमी." मी म्हणाले, "काका, आवं, ऐका माझं." ते म्हणाले, बरं बरं. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी गॅलरीत आले तर काका दोरीच्या आत होते, बनियनवर. मला बघून त्यांनी हात वर केला आणि ओरडले, "ये बग, कुठं हाय तुजं कुकर ते!" आणि वांग्याच्या बुडाचं पाचट एका हाताने उचललं. मी ओरडेपर्यंत ते वर आलं होतं. तिसऱ्या मजल्यावरून ते फुत्कारणं ऐकू येणं शक्य नाही, पण मला ऐकू आलं. काकांनी हात मागे घेतला आणि त्याच्याकडे बघत उभे राहिले, कुणीतरी अचानक हातात काहीतरी दिल्यासारखे.

त्यानंतरचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. मी अनवाणी जिने उतरते आहे. काकांना जागेवर बसवते आहे, चालू नका, हात खाली ठेवा, काही बांधू नका, काही कापू नका. भाभी दारातूनच मोबाइलवर फोटो काढतायत, आणि फोटोत ती आहे, गुंडाळी करून, अंगावर साखळीसारखे ठिपके. काकांच्या घरातून काकी धावत येऊन म्हणतायत, आधी देवाच्या पायावर घालून आणू, वाटेतच तर आहे. आणि मी, जिने आजवर मोठ्यांसमोर कधी आवाज चढवला नाही, इतक्या जोराने "आधी दवाखाना!" म्हणते की माझा नवरा गाडीची किल्ली घेऊन धावत सुटतो. गाडीत मी काकांच्या हिरड्या बघत होते. ते म्हणाले, "तोंड कशाला असं केलंयस? फौजी मी हाय का तू?" मग थोड्या वेळाने, जरा हळू, "लढाईत काय झालं न्हाई, आन् आता वांग्यात मरतोय व्हय मी?"

नेलं मी काम करते त्याच दवाखान्यात, आणि त्यांचं रक्त मीच काढलं. सूज नव्हती, पण तेवढ्यावर कुणी काही सांगत नाही. एक साधी तपासणी असते, आई. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं आणि वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. मग हळूच आडवी करायची. रक्त गोठून जागच्या जागी बसलं तर बरं. पाण्यासारखं वाहिलं तर विष भिनलेलं आहे. शिकताना सरांनी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी वर्गातून उठून बाहेर गेले होते, आणि परत आले तेव्हा ते माझ्या वहीत शेजारणीने लिहून ठेवलं होतं. तुझी अशी नळी कुणी उभी केली होती का, मला माहीत नाही. काकांची नळी स्टँडमध्ये होती आणि मी तिच्यासमोर उभी होते. मी घड्याळ बघत नव्हते, नळीकडेही बघत नव्हते. मी भिंतीकडे बघत होते आणि मनात एकच चाललं होतं, की पाचट मी आणलं, ढीग मी राहू दिला, आणि मी घाबरले म्हणून ते मला दाखवायला आत गेले. वेळ झाल्यावर बरोबरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, मी बघू का?" मी नाही म्हणाले. आडवी केली. रक्त हललं नाही.

पुढे दुसऱ्या दिवसापर्यंत ती तपासणी परत परत केली, आणि दर वेळी मी तशीच भिंतीकडे बघत उभी राहिले, आणि दर वेळी रक्त गोठलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, चावा कोरडा होता, दात लागले पण विष सोडलं नाही, होतं असं कधी कधी. कधी कधी! मी त्यांना विचारणार होते की कधी सोडते आणि कधी नाही, ते कशावर ठरतं. विचारलं नाही. त्यांनाही माहीत नसणार. साप धरणाऱ्याने त्या सकाळीच येऊन घोणस पिशवीत घालून नेली होती. आणखी आहेत का, असं भाभींनी विचारलं, तर तो म्हणाला, आता मला काय सांगता येतंय, वहिनी.

रविवारी पार्किंगमध्ये सगळे पुन्हा जमले. बाग काढून तिथे पेव्हर ब्लॉक घालायचे, असं जवळपास ठरलंच होतं. मला वाटलं, ठरू दे. मनातून मला तेच हवं होतं. काका खुर्ची टाकून बसले होते, हाताला पट्टी. ते म्हणाले, "चावलं मला, आन् बाग उपटताय तुमी? वांगी खाताना बरी ग्वाड लागली." मग माझ्याकडे बोट करून, "हिला इचारा. हिनं सांगितलं हुतं, म्या ऐकलं न्हाई. आता ही म्हणंल तसं." सगळे माझ्याकडे बघायला लागले. लेक माझ्या ओढणीचं टोक धरून उभी होती, आणि तिच्या तोंडावरून कळत होतं की मी हो म्हणावं असं तिला वाटतं. पाचट सगळं बाहेर जाईल, मी म्हणाले. ढीग आजच. भिंतीची भोकं बुजवायची, गमबूट असल्याशिवाय आत जायचं नाही, पोरांनी एकटं तर नाहीच. आणि मग मी म्हणाले, माझी आई एक करायची. त्या शेवटच्या दिवसाचं सोडून मी सगळं सांगितलं, मुठीने जमीन बडवणं, थांबणं, सरा बाबा आमी आलो, घर त्याचं. लोकांना ते फार आवडलं. भाभी म्हणाल्या, "वा! घर त्याचं, हे बरोबर बोलल्या तुमच्या आई."

त्या दिवशी पाचट मी काढलं. गमबूट घालून, लांब दांड्याचं दाताळं घेऊन, पण शेवटी वांग्यांच्या बुडाशी दाताळं चालत नाही, तिथे हातच घालावा लागतो. मी जमीन बडवली. तुझं वाक्य म्हणाले, तुझ्याच बोलीत, मला वाटलं होतं त्याहून मोठ्याने. थांबले. आणि हात घातला. खाली फक्त ओलसर माती होती, काळी, गार. आता सगळेच तसं करतात. सकाळी गॅलरीत उभी राहिले की खालून काठीचा ठोका ऐकू येतो आणि पाठोपाठ काकांचं "सरा बाबा, फौज आली!" आणि पोरांचं हसणं. त्यांची भीती गेली आहे. मला वाटतं बागेत आल्यापासून कधी नव्हे इतकी ती माणसं बिनधास्त आहेत, आणि ती तशी झाली आहेत तुझ्या वाक्यामुळे. प्रत्येक ठोक्याला मी वर कठडा घट्ट धरून उभी असते.

काल लेकीने पाणी घालता घालता विचारलं, "तुझी आई रोज दार वाजवायची?" मी म्हणाले, हो, रोज. "एकदा पण विसरली नाही?" मी म्हणाले, एकदा पण नाही. तिने हातातल्या काठीने जमीन वाजवली. मग म्हणाली, "म्हणून तिला कधीच चावलं नाही, ना?" भाभी शेजारच्या वाफ्यात होत्या, त्यांनीही मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी नळी पुढच्या सरीत टाकली आणि म्हणाले, हो.

हे पत्र मी कुठे ठेवू, आई? लेक आता वाचायला शिकली आहे.